मागे काहीच लिहिलेलं नाही? व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या घरच्या फोटोचं साल असं काढा

ट्रंकेच्या तळाशी पोथ्यांखाली जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला तपकिरी फोटो सापडतो. पगडीतले गृहस्थ खुर्चीत बसलेले, शेजारी नऊवारीतली बाई, पायाशी मूल. मग घरात वाद सुरू होतो. एक म्हणतो हे पणजोबा, दुसरा म्हणतो खापरपणजोबा. चेहऱ्यावरून सुरुवात केली की हा वाद मिटत नाही, कारण एकाच घराण्यातली तीन पिढ्यांची नाकं सारखीच असतात. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी कागद आणि पुठ्ठा, मग स्टुडिओचा छाप, मग मागचा पडदा आणि सामान, त्यानंतर कपडे. चेहरा आणि घरातली ऐकीव माहिती सगळ्यात शेवटी.

राणीची कारकीर्द जून १८३७ ते जानेवारी १९०१. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे लोक तेव्हा कॅमेरा हाताळत होते. पण मध्यमवर्गीय घरात फोटो पोचला तो कागदी फोटो स्वस्त झाल्यावर. त्यामुळे घरात सापडणाऱ्या फोटोंचा खरा पल्ला साधारण १८६० ते १९०१ असा धरून चला.

हात लावण्याआधी

हे काम पावसाळ्यात करू नका. दमट हवेत जिलेटिनचा थर चिकट होतो आणि बोटाचा ठसा कायमचा उमटतो. थंडीतला कोरडा दिवस बरा. लागणारं सामान थोडंच आहे: दहापट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरची पट्टी, जमल्यास जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर, छोटं लोहचुंबक, टॉर्च आणि मऊ शिसपेन्सिल. हात धुऊन पूर्ण कोरडे करा किंवा नायट्राइलचे हातमोजे घाला. ओला बोळा फिरवू नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. वाकलेला फोटो दाबून सपाट केला की तडकतो. काच किंवा धातूवरचा फोटो डबीत बसवलेला असेल तर डबी उघडू नका. आत हवा शिरली की प्रतिमा काळवंडू लागते.

पहिलं काम म्हणजे दोन्ही बाजूंचं रंगीत स्कॅन, ६०० डीपीआयवर. फोटो छोटा असेल तर १२००. मागची बाजू कोरी वाटली तरी स्कॅन करा. पुसट पेन्सिलीचे आकडे डोळ्यांना दिसत नाहीत, स्कॅनचा कॉन्ट्रास्ट वाढवला की वर येतात.

फोटो कशावर आहे?

आरशासारखा चमकतो आणि तिरका धरला की पॉझिटिव्हचा निगेटिव्ह होतो, असा फोटो डगेरोटाइप. तो चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर असतो. काळ १८४० आणि १८५० चं दशक. काचेवर असून मागे काळं कापड किंवा काळा रंग असेल तर अँब्रोटाइप, म्हणजे १८५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पुढे. लोहचुंबक हलकेच चिकटलं तर टिनटाइप. त्याचं पेटंट १८५६ चं, पण चलन त्यानंतर कित्येक दशकं राहिलं. हे तिन्ही प्रकार मराठी घरात क्वचितच सापडतात. सापडले तर एक गोष्ट नक्की तपासा: प्रतिमा बहुधा उलटी असते, आरशातल्यासारखी. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत घालतात, म्हणजे सरळ फोटोत ती पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला दिसली पाहिजे. ती दुसऱ्या बाजूला दिसली, किंवा जानवं उजव्या खांद्यावरून खाली आलेलं दिसलं, तर लगेच श्राद्धाचा प्रसंग समजू नका. आधी फोटो उलटा आहे का ते बघा.

बाकी जवळजवळ सगळं कागदावर. इथे भिंग कामाला येतं. फोटोच्या उजळ भागावर भिंग धरा. कागदाचे धागे स्पष्ट दिसतात, पृष्ठभागावर हलकी चमक आहे, बारीक चिरा आहेत, रंग जांभळट तपकिरी आणि पांढरे भाग पिवळे पडलेले, तर तो अल्ब्युमेन कागद. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला हा कागद १८५० पासून आला आणि १८९० च्या दशकापर्यंत स्टुडिओंचा मुख्य आधार होता. धागे दिसत नाहीत, खाली गुळगुळीत पांढरा थर आहे आणि वर तपकिरी-जांभळी झाक, तर जिलेटिन किंवा कोलोडियनचा (प्रतिमा धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थांचा थर दिलेला) छपाई कागद. हा १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धाआधी सहसा मिळत नाही. रंग सरळ काळा-करडा असून कडेला, गडद भागांवर निळसर चांदीची साय धरल्यासारखी चमक दिसली, तर तो ब्रोमाइड जातीचा कागद. १८९० च्या अलीकडचा धरा, आणि बरेचदा विसाव्या शतकातलाच निघतो.

भिंग पुठ्ठ्याच्या अगदी कडेलाही फिरवा. अल्ब्युमेनचा कागद इतका पातळ असतो की पुठ्ठ्यावर न चिकटवता ठेवला तर गुंडाळी होते. म्हणूनच त्या काळच्या प्रत्येक फोटोला पुठ्ठा लागला, आणि त्याच पुठ्ठ्यामुळे आज आपल्याला साल काढता येतं.

पुठ्ठा मोजा

साधारण ६४ × १०० मिमीचा (अडीच इंच × चार इंच) पुठ्ठा म्हणजे कार्त-द-व्हिझित, भेटकार्डाच्या आकाराचा फोटो. पॅरिसच्या दिस्देरीने त्याचं पेटंट १८५४ मध्ये घेतलं, पण खरी लाट आली १८६० च्या सुमारास. साधारण १०८ × १६५ मिमी (सव्वाचार × साडेसहा इंच) म्हणजे कॅबिनेट कार्ड. ते १८६६ पासून आलं आणि शतक संपेपर्यंत चाललं. म्हणजे कॅबिनेट आकाराचा फोटो १८६६ च्या आधीचा असूच शकत नाही, मग घरात कोणी काहीही सांगो. उलट कार्त-द-व्हिझित आहे म्हणून फोटो १८६० च्या दशकातला, हे म्हणता येत नाही. तो आकार १९०० नंतरही निघत होता. सगळ्या खुणांचं असंच असतं. ‘याआधीचा नाही’ हे ठामपणे सांगता येतं. ‘यानंतरचा नाही’ म्हणताना हात आखडता ठेवावा.

आता जाडी. अर्धा मिमी किंवा त्याहून पातळ, कोपरे काटकोनी, रंग पांढरा किंवा सायीचा, बाजूला फार तर एक-दोन बारीक रेघा: १८६० चं दशक. अर्धा ते पाऊण मिमी, कोपरे गोल केलेले, फिकट गुलाबी किंवा पिवळट छटा: १८७० चं दशक. पाऊण मिमीच्या वर, बाटलीसारखा हिरवा, काळा किंवा तपकिरी-लाल रंग, सोनेरी अक्षरं, कडा तिरकी कापून सोनेरी वर्ख दिलेला: १८८० नंतर. १८९० च्या दशकात गडद रंगांबरोबरच पांढरे-करडे पुठ्ठे, उठावाची अक्षरं आणि करवतीसारख्या किंवा लहरी कडा आल्या.

हे आडाखे युरोप-अमेरिकेतल्या फोटोंवरून बसवलेले आहेत. पुठ्ठेही बहुतेक तिकडूनच जहाजाने यायचे. मागच्या बाजूला तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत ‘मॅरियन, पॅरिस’ असं काही छापलेलं सापडतं. ते पुठ्ठा छापणाऱ्याचं नाव, फोटोग्राफरचं नव्हे. पॅरिस वाचून आजोबांना विलायतेला पाठवलेली घरं आहेत! शिवाय छोट्या गावातला फोटोग्राफर घेतलेला गठ्ठा संपेपर्यंत तोच पुठ्ठा वापरायचा. मुंबई-पुण्याबाहेरच्या स्टुडिओला पाच वर्षांची ढील द्या.

कोपऱ्यांबद्दल एक फसगत ठरलेली आहे. अल्बमच्या खाचेत सरकवताना अडू नये म्हणून लोक काटकोनी कोपरे कात्रीने छाटायचे. चारही कोपरे तंतोतंत एकसारखे असतील तर ते कारखान्यातले. एक जास्त, एक कमी असेल तर घरातले. आणि फोटो अल्बममध्ये असेल तर अल्बमचं साल फोटोला लावू नका. खाचेतून काढायचा तर खालच्या चिरेतून पॉलिएस्टरची पातळ पट्टी सरकवून सावकाश काढा. अडला तर तिथेच थांबा आणि मोजमाप जागेवरच घ्या.

मागची बाजू

१८६० च्या दशकात मागे फक्त नाव आणि पत्ता, मधोमध, लहान टाइपात. १८७० च्या दशकात वेलबुट्टी, चिन्हं आणि फिती वाढल्या. १८८० च्या दशकात तर पूर्ण पाठ भरून जाते: तिरकी अक्षरं, बांबू, पक्षी, पंखे, चित्रफलक घेतलेली बालकं. पदकांची चित्रं असतील तर भिंग लावून त्यांवरची सालं वाचा. सगळ्यात अलीकडचं साल हीच तुमची खालची मर्यादा; फोटो त्याच्या आधीचा नाही. ‘एम्प्रेस’ (सम्राज्ञी) हा शब्द दिसला तर १८७६ च्या आधीचा नाही, कारण राणीची ती पदवीच तेव्हाची.

स्टुडिओचा पत्ता तर फार उपयोगी. बोर्न अँड शेफर्डची सुरुवात १८६० च्या दशकात सिमल्याला झाली, मग कलकत्ता आणि त्यानंतर मुंबई. पुठ्ठ्यावर मुंबईचा पत्ता असेल तर १८७० च्या आसपासचा किंवा नंतरचा धरा. लाला दीनदयाळ यांचा मुंबईतला स्टुडिओ १८९६ चा, त्यांना राणीचं वॉरंट (राणीचे फोटोग्राफर म्हणून नेमणूक) १८९७ चं. म्हणजे दीनदयाळांच्या मुंबई स्टुडिओचा छाप असलेला फोटो राणीच्या काळातला असेल तर जेमतेम चार-पाच वर्षांच्या पट्ट्यात येतो. कमी नावाजलेल्या स्टुडिओसाठी त्या काळच्या व्यापारी डिरेक्टऱ्या पाहा. थॅकरची इंडियन डिरेक्टरी १८८५ पासून या नावाने निघायची, तिचे काही खंड इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन केलेले आहेत. गावाच्या नावाखाली धंदेवाईकांची यादी असते. एका वर्षी जुना पत्ता, पुढच्या खंडात नवा, असं सापडलं की साल आपोआप आवळत जातं.

पुठ्ठ्यावर पेन्सिलीने किंवा शाईने चार-पाच आकडी संख्या असेल तर ती सालाची नव्हे, निगेटिव्हचा नंबर. पण टाकाऊ नाही. त्याच स्टुडिओचे, नंबर असलेले आणि साल माहीत असलेले दोन-तीन फोटो नातेवाइकांकडे मिळाले तर तुमचा नंबर त्यांच्या मधे कुठे बसतो ते बघा.

शके, संवत, फसली

मागे मोडीत किंवा बाळबोधीत काही लिहिलं असेल तर आधी कशाने लिहिलंय ते पाहा. बॉलपेन म्हणजे १९५० च्या आसपास किंवा नंतर कुणी नातवाने लिहिलेलं. माहिती खरी असेलही, पण साक्षीदार फोटोच्या वेळचा नाही. टाकाची तपकिरी पडलेली शाई जास्त विश्वासाची.

शक असेल तर ७८ मिळवा. पौषाचा उत्तरार्ध, माघ किंवा फाल्गुन असेल तर ७९. गुजराती शेजार असलेल्या किंवा व्यापारी घरात विक्रम संवत लिहिलेला सापडतो, त्यातून ५७ वजा करा, जानेवारीपासून दिवाळीपर्यंतचा महिना असेल तर ५६. देशमुख-कुलकर्ण्यांच्या घरात फसली सन (महसुली वर्ष) येतो. दख्खनच्या फसलीत ५९० मिळवा (मृगापासून वर्ष सुरू, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या महिन्यांना ५९१). आकडा पुसलाय पण संवत्सराचं नाव वाचता येतंय, असं झालं तर उलट बरंच. संवत्सरं साठ वर्षांनी फिरतात, त्यामुळे ‘विकृतिनाम संवत्सर’ म्हणजे १८३०, १८९० किंवा १९५०. अल्ब्युमेन कागदावरच्या कॅबिनेट कार्डासाठी यातलं एकच शक्य आहे. पडताळा असा: शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी जितकी तितकं संवत्सर, प्रभव हे पहिलं. शके १८१२ घ्या: १८२४ भागिले ६०, बाकी २४, चोविसावं विकृती. जुळलं. लिहिणाऱ्याने शक आणि संवत्सर दोन्ही दिलं असेल आणि ते जुळत नसेल, तर नंतर कुणीतरी आठवणीने लिहिलंय असं समजा.

स्टुडिओतलं सामान आणि प्रकाश

१८६० च्या दशकात माणूस पायापासून डोक्यापर्यंत उभा, बाजूला खांब, कठडा, जड पडदा, चेहरा मसुराएवढा. पुढे कॅमेरा जवळ येत गेला. १८७० च्या दशकात गुडघ्यापर्यंत, शतकाच्या अखेरीस छातीपर्यंतचा आणि कडा धूसर होत गेलेला फोटो. कुंपणाचा गावठी दरवाजा, लाकडी ओंडके १८७० च्या दशकापासून. खोटे खडक, होडी, झोपाळा, पामची झाडं त्यानंतर. आपल्याकडच्या स्टुडिओंनी हे रंगवलेले पडदे पुढे अनेक वर्षं वापरले, म्हणून पडद्याच्या साक्षीवर एकट्याने निकाल देऊ नका.

उभ्या माणसाच्या टाचांमागे लोखंडी बूड डोकावतं. तो डोकं स्थिर ठेवायचा स्टँड. फोटो आधी काचेच्या निगेटिव्हवर घ्यायचे; ओल्या कोलोडियनच्या काचेला काही सेकंद उजेड लागायचा, तेवढा वेळ मान हलू नये म्हणून. असे फोटो ‘मृतदेहाला उभं करून काढलेले’ म्हणून फिरवले जातात. तो सगळा खोटा भयपट आहे, त्या स्टँडला प्रेत पेलवणार नाही. कोरड्या काचा १८७० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आल्या आणि वेळ सेकंदाच्या अंशावर आला. त्यामुळे चुळबुळं तान्हं मूल जर लख्ख स्पष्ट आलं असेल तर फोटो बहुधा १८८० नंतरचा.

रंगांबाबत मात्र फार सांभाळा. त्या काळच्या काचांना निळा दिसायचा, लाल दिसायचा नाही. निळं लुगडं जवळजवळ पांढरं येतं आणि लाल लुगडं काळं. कुंकू काळं दिसतं. हळदीचा पिवळा आणि सोन्याचे दागिनेही गडद उतरतात, माणसं प्रत्यक्षाहून सावळी दिसतात. विधवेचं तांबडं आलवण आणि सवाशिणीचं लाल पैठणी लुगडं फोटोत एकाच काळ्या रंगाचं येऊ शकतं. म्हणून रंगावरून बाईंची स्थिती ठरवू नका. कपाळ, गळा आणि मनगट बघा. बाई खरोखर सोवळी आहे असं दिसलं तर मात्र पक्की मर्यादा मिळाली: फोटो यजमानांच्या मृत्यूनंतरचा.

कपडे

इंग्रजी पुस्तकांतले पोशाखाचे तक्ते आपल्या नऊवारीला लागू पडत नाहीत. लुगडं नेसण्याची पद्धत आणि पगडीचा घाट जातीवर, गावावर ठरायचा आणि पिढ्यान्पिढ्या टिकायचा. बदललं ते पोलकं. खांद्याशी फुगे आणि लेस असलेलं पोलकं दिसलं तर १८९० च्या आधी जाऊ नका; पुढे ते बराच काळ टिकलं.

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत किंवा मुंबईतल्या ईस्ट इंडियन (तिथल्या मूळ ख्रिस्ती समाजाच्या) घरांत बायका युरोपीय पोशाखात असतील तर तक्ते छान चालतात. घेर चहूबाजूंनी घंटेसारखा: १८६० च्या आसपास. पुढून सपाट, मागे फुगवटा: १८७० ते ७५. अंगाला चिकटलेली अरुंद चोळी-घागरा: १८७६ ते ८२. मागे टेबल ठेवल्यासारखा काटकोनी फुगवटा: १८८३ ते ८९. खांद्यावर फुग्याएवढ्या बाह्या: १८९५-९६, आणि ९७ पर्यंत त्या बसलेल्या. घरातल्या तरुण बाईकडे बघा, आजीकडे नाही. आजी वीस वर्षांपूर्वीचा झगा घालून बसलेली असू शकते.

राणीच्या काळाबाहेर काढणाऱ्या खुणाही लक्षात ठेवा. गांधी टोपी म्हणजे १९२० किंवा नंतर. मागे पोस्टकार्डाची छपाई आणि मधे उभी रेघ म्हणजे १९०२ नंतर. आणि भिंतीवरची मोठी तसबीर, ज्यात पणजोबांच्या पगडीला आणि डोळ्यांना ब्रशने रंग दिलाय, ती बहुतेक वेळा छोट्या जुन्या फोटोवरून पुढच्या पिढीने करून घेतलेली ब्रोमाइड एनलार्जमेंट असते. तसबिरीचं साल एक, माणसाचं वेगळं. छोट्या फोटोतही हे होतं. पुठ्ठा १८९० चा, पण चित्रात १८६० चा कठडा, प्रतिमा पसरट, आणि कडेला मूळ फोटोची पुसट चौकट किंवा टाचणीची सावली दिसली, तर तो फोटोचा फोटो आहे.

आता घरच्यांना विचारा

समजा हातात असं आहे: १०८ × १६५ मिमी, जाडी ०.८ मिमी, तपकिरी-लाल पुठ्ठा, सोनेरी तिरकी कड. अल्ब्युमेन कागद. पगडीतले गृहस्थ, नऊवारीतली बाई, आणि ताजं मुंडण झालेला, लंगोटी-मेखला घातलेला मुलगा. आकार सांगतो १८६६ नंतर. पुठ्ठा सांगतो १८८० नंतर. कागद सांगतो १९०० च्या फार पुढे नको. म्हणजे पट्टा १८८० ते १९००. हा मुंजीचा फोटो. मुलगा साधारण आठ वर्षांचा. म्हणजे त्याचा जन्म १८७२ ते १८९२ च्या दरम्यान. आता कुलवृत्तांत उघडा आणि या वीस वर्षांत जन्मलेले घराण्यातले मुलगे लिहून काढा. सात निघाले, त्यातल्या चौघांचे वडील मुलाच्या मुंजीआधीच वारलेले, उरले तीन. कुलवृत्तांत नसेल किंवा त्यात सालं नसतील तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघा. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की तुमच्या घरातलं कोण कधी आलं, कुणाच्या अस्थी घेऊन आलं, हे तिथे सहीनिशी सापडतं. घरात श्राद्धाची तिथी पाठ असते, साल कुणालाच ठाऊक नसतं. ते साल बरेचदा या वहीत मिळतं.

उरलेल्या तिघांत निवड करताना चेहरा पाहायला आता हरकत नाही. नाक-डोळ्यांपेक्षा कानाची घडण जुळवा, वयाने ती कमी बदलते.

निष्कर्ष फोटोवर लिहू नका. आम्लविरहित कागदाच्या पाकिटावर, फोटो आत घालण्याआधी, पेन्सिलीने लिहा: ‘१८८० ते १९००, मुंबई, मुंजीचा फोटो, मुलगा बहुधा अमुक’. ‘बहुधा’ गाळू नका, आणि कोणत्या खुणेवरून काय ठरवलं तेही एका ओळीत खाली टिपा.